सिस्टरच्या आईचा फोटो

किरायादारानं खिळा मारला का भिंत गेली समजा, असं तुमी म्हणता. मीबी तेच म्हणत होतो, म्हणून सांगतो.

मालेगावात आमच्या मागच्या दोन खोल्यांत दवाखान्यातली एक सिस्टर किरायानं राहे. आल्याबरोबर तिनं खिळा मारून वारलेल्या आईचा फोटो लावला. महिन्याभरात त्याच भिंतीचे पोपडे पडून राह्यले.

मी म्हणलं, "पाहा सिस्टर, हे तुमच्या खिळ्याचं काम."

"भाऊ, ओल तुमच्या न्हाणीकडून येऊन राह्यली. एकदा पाइप पाहून घ्या ना."

"माह्यं घर मलेच शिकवता काय?"

तिनं खिळा उपटला, भोक बुजवलं, भिंत रंगवून देली. फोटो खुर्चीवर टेकवून ठेवला. दोन वर्षं तो तिथंच होता. कोणी आलं का ती फोटो उचलून मांडीवर घे अन् पाहुण्याले खुर्ची दे. मीबी त्या खुर्चीवर बसलो हाय.

मंग तिची बदली झाली. मागच्या महिन्यात भिंत पुन्हा फुगली. आता तिथं खिळाबी नव्हता अन् सिस्टरबी नव्हती. मिस्तऱ्यानं भिंत फोडली, तं आमच्याच न्हाणीचा पाइप फुटेल होता.

तिले फोन केला. "सिस्टर, चुकी माहीच होती."

"जाऊ द्या भाऊ."

"आता आईचा फोटो कुठं लावला?"

"खुर्चीवरच हाय," ती म्हणाली. "हे घरबी किरायाचंच हाय ना."