दोष आधी, गाडी नंतर

काका : आधी दोष ऐकून घ्या, मग गाडी बघा. उलटं केलं की माणूस गाडीवर भाळतो आणि दोष कानावरून जातात.

दादा : काका, विकायला बसलेला माणूस असं बोलतो होय? काल एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो होतो. तिथल्या माणसानं एका तरी गाडीत खोट सांगितली असेल तर शपथ.

नर्स : दादा, बोलू दे की त्यांना. सांगा काका, मी लिहून घेते.

काका : लिहून घेता?

नर्स : सवय आहे. पेशंट सांगत असतो तेव्हाच लिहायचं. नंतर आपण आपल्याला हवं तेवढंच आठवतो.

काका : मग लिहा. मागच्या डाव्या दाराची काच खाली जाते, पण वर येत नाही. दोन्ही तळवे लावून चढवावी लागते. सकाळी इंजिन थंड असताना तिसरा गिअर कुरकुरतो, त्याला जरा वेळ द्यायचा. तेल पिते थोडं. आणि मागच्या बाजूला चासीला हातभर वेल्डिंग आहे.

दादा : चासीला वेल्डिंग? ऊठ गं, चल. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मागून, त्यामागं होडी जोडून एवढ्या लांब आणली ती काय वेल्डिंग बघायला?

काका : खुशाल जा. फक्त जायच्या आधी एकदा खाली वाकून बघा. ही घ्या बॅटरी, उजेडाला.

दादा : मी वाकून काय बघणार? मी विमा कंपनीत आहे. आमच्याकडे गाड्या कागदावर येतात.

नर्स : आण इकडे. मी बघते.

दादा : अगं, कपडे!

नर्स : धुता येतात. काका, हा जोड ना? इथं गंज होता?

काका : होता. रोज होडी पाण्यात सोडायची म्हटल्यावर गंज चुकत नाही. कुजलेला भाग पार कापून टाकला आणि जाड पट्टी बसवली. वेल्डरच्या डोक्यावर दोन दिवस उभा होतो मी. तो अजून मला रस्त्यात बघून बाजू बदलतो.

नर्स : छान भरलीय जखम. टाके एकसारखे आहेत. आणि बाकी सगळीकडे हा काळा थर कसला?

काका : तेलाचा हात. पाण्यातून वर आली की चिखल धुवायचा, वाळू द्यायची, मग तेल. बावीस वर्षं.

नर्स : दर वेळी?

काका : दर वेळी.

नर्स : दादा, मी बारा वर्षं लोकांना सांगतेय, जेवणाआधी हात धुवा. दहातले चार धुतात. आणि हे बघ.

दादा : बरं, मानलं. पण ती कालची पांढरी गाडी एकदा डोळ्यांसमोर आण. उंच, ऐसपैस, मागं कॅमेरा. रिव्हर्स घेताना आपोआप टुंटुं वाजतं.

काका : चांगली असेल. ओढते कुठली चाकं?

दादा : म्हणजे?

काका : पुढची की मागची?

दादा : ...चारही असतील. चाकं चारच होती.

नर्स : पुढची, काका. मी विचारलं होतं.

काका : मग बघा. उतारावर होडीचं ओझं मागं खेचतं, गाडीचं नाक वर होतं. ओढायची जबाबदारी पुढच्या चाकांवर, आणि नेमकी तीच हलकी. ती तिथंच गरगरा फिरत बसणार. तुमचं टुंटुं वाजत राहील.

नर्स : मागच्या महिन्यात अगदी हेच झालं. ऑफिसनं एक गाडी दिली होती. तळ्याच्या पलीकडे सहा वस्त्या आहेत, रस्ता नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणी होडी न्यायची, पाण्यात सोडायची आणि पलीकडे जायचं, असं माझं काम. त्या दिवशी एका बाईला कळा सुरू झालेल्या. गाडी उतारावर रुतली ती रुतलीच. दीड तास मी काठावर उभी. पलीकडचं घर दिसत होतं मला.

काका : मग?

नर्स : मी पोचले तेव्हा बाळ रडत होतं. तिच्या सासूबाईंनी सगळं निभावलं होतं. नाळ मात्र नुसती बांधून ठेवली होती, कापायला माझी वाट बघत. म्हणाल्या, तुमचं काम तुम्हीच करा.

काका : बाई खमकी दिसते.

नर्स : मी त्यांना तिथंच नमस्कार केला. पण दर वेळी त्या घरात अशी सासू असेलच असं नाही ना.

काका : नाही. असं करू. मी गाडी दाखवली, आता तुम्ही दाखवा.

दादा : आम्ही काय दाखवायचं?

काका : होडी पाण्यात सोडा आणि परत वर काढा. सिस्टरांनी. तोवर मी विकली म्हणणार नाही. परवा एक जण आला होता, दोन मिनिटांत ठरवून मोकळा. ट्रेलर लावून दिला, तर उतारावर गाडी जरा कलली तसा दार उघडून पळाला. माझीच गाडी मी धावत जाऊन थांबवली, हे असले डोळे घेऊन.

नर्स : डोळ्यांना काय झालं?

काका : कडेचं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. बंद म्हणजे बंद. चला, हुक मी लावतो, तुम्ही एकदा इंजिन बघून घ्या.

(तिघं तळ्याच्या उतारावर. गाडीमागं ट्रेलर, ट्रेलरवर होडी.)

दादा : ट्रेलर पुन्हा दुमडला! अगं, डावीकडे म्हणतोय तर तू डावीकडेच फिरवतेस!

नर्स : डावीकडेच जायचंय ना त्याला?

दादा : हो, पण तो उजवीकडे जातोय!

नर्स : मग तू ये. बस इथं.

दादा : मी बाहेरूनच बरा आहे.

काका : सिस्टर, पुढं घ्या, सरळ करा. आता एक हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. वर नाही, खाली. ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला न्यायचं, त्या बाजूला हात न्या. बाकी डोक्यात काही आणू नका.

नर्स : हात तिकडे, तो तिकडे.

काका : थोडंच. आणि दुमडायला लागला की भांडत बसू नका. पुढं घेऊन परत. त्यात लाज नाही. मी पहिल्या वर्षी उतारावर जेवढा मागं गेलो, त्याच्या दुप्पट पुढं गेलो.

दादा : आला! सरळ आला! काका, बघताय ना?

काका : आरशात बघ म्हणावं, भावाकडे नको. हां, थांबा. पाण्याच्या अलीकडे थांबा. हँडब्रेक. आता काय?

नर्स : काचा खाली, गाडी घसरलीच तर बाहेर पडायला. सीटचा पट्टा सोडला. ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढायची. चाकाला हात लावून बघायचं.

काका : का?

नर्स : तुम्हीच येताना सांगितलंत. चाकातलं बेअरिंग गरम असेल तर गार पाण्यात गेल्यावर आत पाणी ओढून घेतं. ...कोमट आहे. पाच मिनिटं थांबू.

दादा : सोड की गं, कोमट तर आहे.

नर्स : पाच मिनिटं. तोवर होडीचं बघते. मागचा पट्टा सोडला. दोर गुंडाळायच्या चरखीचा हुक राहू दे, पाण्यात गेल्यावर काढायचा. आणि बूच... काका, होडीच्या तळाचं बूच कुठाय?

दादा : कसलं बूच?

नर्स : आत साठलेलं पाणी सोडायला तळाशी भोक असतं. घरून निघताना मी स्वतः घट्ट केलं होतं. आता भोक उघडं आहे. अशीच पाण्यात गेली असती तर आपल्यादेखत बुडाली असती.

काका : हे घ्या.

दादा : तुमच्या खिशात?

काका : तुम्ही दोघं इंजिनात डोकं घालून होतात ना, तेव्हा काढलं.

दादा : काका, ही काय पद्धत झाली!

नर्स : दादा, थांब. मीसुद्धा नव्या मुलींच्या ट्रेमध्ये मुदत संपलेली औषधाची बाटली ठेवते, लक्षात येतं का बघायला. काका, अजून काही काढलंय?

काका : नाही. आणि काढलं असतं तरी तुम्हाला सापडलं असतं. बावीस वर्षांत मी स्वतः दोनदा बूच विसरलोय. जा, सोडा तिला पाण्यात.

दादा : गेली... तरंगली! अगं, तरंगली! काय दिसते!

काका : आता परत काढा. खरी परीक्षा वर येताना आहे.

नर्स : चरखीनं ओढून घेतली. हुक लावला, पट्टा आवळला. निघते. काका, मागची चाकं फिरतायत नुसती.

दादा : शेवाळ आहे खाली! मागं सरकतेय! अगं, गाडी मागं जातेय! काका, काहीतरी सांगा तिला!

(काका हात मागं बांधून उभे.)

दादा : काका!

नर्स : दादा, ओरडू नकोस. ब्रेक धरलाय मी. थांबलीय. आता ही छोटी दांडी, काकांनी येताना दाखवलेली. चारही चाकं, सगळ्यात हळू गिअर. तू बाजूला हो, ट्रेलरच्या मागं कुणी उभं राहायचं नाही. पुढची चाकं कोरड्यावर आहेत, ती धरतील.

दादा : धरतायत?

नर्स : अजून नाही. पायाखाली जाणवतंय. थांब... आता. आता धरलं. ये, बाई, ये. सावकाश.

दादा : आली! अहो, आली की वर! मुंगीच्या पावलानं आली!

काका : हँडब्रेक लावा आणि जरा श्वास घ्या, सिस्टर.

नर्स : आत्ता भीती वाटायला लागली बघा.

काका : आत्ता ना? मघाशी नव्हती वाटत. एवढं पुरे.

दादा : मला एक कळत नाही. गाडी सरकत होती आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून उभे!

काका : उद्या पलीकडच्या बाईला कळा येतील, तेव्हा काठावर मी असणार आहे का?

नर्स : काका, ही गाडी इतकी वर्षं कशी राखली असेल तुम्ही, ते आत्ता कळलं मला. शेवाळावर पाय सुटला, पण ही घाबरली नाही.

काका : ती कधीच घाबरत नाही. माणूस घाबरला की ती बिचारी गोंधळते. तुमची झाली ती. कागद घरी तयार ठेवलेत, सही तेवढी राहिलीय.

दादा : म्हणजे तुमचं आधीच ठरलं होतं?

काका : चिखलात झोपून वेल्डिंग बघितलं त्यांनी, तेव्हाच सही करणार होतो. पण म्हटलं, होडी इथवर आणलीच आहे.

नर्स : चला, तुम्हाला घरी सोडते. काका, त्या दारानं नाही, इकडून. गाडी मी चालवतेय.

काका : अरे हो. पाय आपोआप तिकडेच वळले.

दादा : मी मागं बसतो. ही काच चढवू का?

नर्स : राहू दे, वारा येतोय. काका, नीट बसलात?

काका : बसलो. गंमत आहे. या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. इथं कायम घरातली बसायची. मी आपला आरशात, ट्रेलरकडे डोळा लावून. ती अजूनही म्हणते, इकडून तळं काय दिसतं, जरा बघा तरी.

नर्स : मग? दिसतं?

काका : जरा हळू घ्या, सिस्टर. घरी गेल्यावर सांगायला हवं तिला.