पुलावरच्या म्हातारीचे डोळे

इसवास ठेवूच नका! एका शब्दावर जरी ठेवलात ना, तर नाव बदलीन... काल मी घोड्याला कृष्णाबाईचे डोळे लावले. हसताय काय? मोबायलातल्या घोड्याला!

आता बघा, आमची नात मनस्वी, पेनला कॉलेजात जाते, तिनं मला अख्खी कादंबरी वाचून दाखवली, मी हितं हमरापूरला कारखान्यात गनपतीचे डोळे आखतेय नि ती वाचतेय, उडते घोडे, आग ओकनारा सरप, नि पुलावर बसलेली एक म्हातारी, येनाऱ्या-जानाऱ्याला भलत्याच वाटेला लावनारी! म्हटलं, अगो, ही तर आमची कृष्णाबाई! माझ्या शेजारी बसून आखनी करायची नि रोह्याचं गिऱ्हाईक वाट विचारायला आलं की धरमतरला धाडायची, वर डावा डोळा बारीक करून हसायची. गेली बिचारी. मागं फोटो एकच, नि त्यात पन डोळे मिटलेले! मग ती मला भेटायची कुठं? नात वाचायला लागली की त्या पुलावर.

आता त्या कादंबरीची चित्रं निघाली, मोबायलात, बोटानं सरकवत बघायची. मनस्वी नाचतच आली, "आजे, पुलाचा भाग आला गो! बघ नि सांग कसा झालाय, मला व्हिडिओत बोलायचंय." बघितला. पूल झ्याक, धुकं झ्याक, सरप तर असा की हात मागं घेतला मी. पन डोळे? म्हातारीची कंबर ही एवढीशी, केस रेसमी, सुरकुती नावाला नाय, पुलावर बसून मलई लावत होती व्हय? पुस्तकात पानभर थट्टा करते, हितं एका चौकोनात "जा" म्हनाली नि संपली! नि डोळे पुरीएवढे, दोन्ही सारखे!

मी मोबायल ठेवला, डोळे मिटले... तर पुलावर ती मलईवालीच बसलेली! कृष्णाबाई दिसेचना ओ. किती आठवलं. नाय म्हनजे नाय.

मग काय करनार? हातात कुंचला, वाटीत काळा रंग. आमच्यात डोळा बिघडला तर पुसून परत आखतात, देव पन रागवत नाय. आखले काचेवरच! उजवा मोठा, डावा बारीक... आली की कृष्णाबाई! म्हटलं आता बोलेल, म्हनून सरकवलं, तर म्हातारी गेली वर, डोळे तिथंच! राजाला बसले, राजा डोळा मारतोय! सरपाला बसले! मग घोड्याला, तोंडाला नाय ओ, मागच्या बाजूला! मी हसले, हसले, नि शेजारी बघितलं, कृष्णाबाईला दाखवायला... पाट रिकामा.

"आजे! काय केलंस गो हे!" मनस्वी ओरडली. म्हटलं, राहू दे गो घटकाभर. ओढनीनं पुसलंन. तिचं तरी काय चुकलं, मोबायल तिचा. पन डोळे?

हा समोरचा गनपती बघा. डावा बारीक हाय ना? आमचा दिनानाथ सकाळपास्नं कावतोय, "आई, डोळा मारनारा देव कोन घेनार?" पुसते म्हटलं. सांजच्याला पुसते. तवर बघू दे मला.

तुम्ही कशाला उभे? जा आता. रोह्याला ना? मग हे असे धरमतरच्या रस्त्यानं जा... लगेच येतंय.