देव निजतो, कॅमेरा निजत नाही

मंडळी, पुढं सरकून बसा. खांबाला टेकणाऱ्यांना आधी झोप लागते आणि मग ते म्हणतात, कीर्तन रंगलं नाही!

आज एकच प्रश्न. एखादी गोष्ट साठवून ठेवली, म्हणजे ती जपली — असं म्हणता येईल का? उत्तराची घाई नको. आधी वैजयंतीची गोष्ट ऐका.

वैजयंती पुण्यात नोकरीला. आई अनसूया गावी, कातळगावात. सिद्धनाथाच्या देवळाशेजारीच घर. सारं गाव तिला आक्का म्हणायचं. त्या दिवशी दुपारी नेहमीसारखा आक्काचा फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवले. आई, दिवाळीला दिलेली साडी नेसलीस, का ट्रंकेतच आहे अजून?"

आक्का हसली. "आजचं दर्शन बघितलंस?"

आता हे दर्शन कुठलं? तर देवस्थानानं सभामंडपात कॅमेरा बसवलाय. जगात कुठंही बसा, मोबाइल उघडा, सिद्धनाथ समोर हजर. वैजयंतीचा एक हात फोनवर, दुसरा कामावर. म्हणाली, "बघितलं गं."

"मग? कसं वाटलं?"

"छान. नेहमीसारखं."

आक्का म्हणाली, "बरं. ठेवते."

एवढंच. शेवटचा साधा दिवस साधाच असतो, मंडळी. त्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का गेली.

आणि वैजयंतीनं दर्शन बघितलं होतं का? नाही. त्या दिवशी नाही, कधीच नाही. आईला बरं वाटावं म्हणून म्हणायची. तुमच्यात असं कुणी नसणारच! घरच्या ग्रुपवरचा प्रत्येक सुविचार तुम्ही शेवटपर्यंत वाचता — हो ना?

वर्षश्राद्धाला ती गावी आली, तर देवस्थानचे अध्यक्ष रामराव दारात.

"वैजू, आमच्या कॉम्प्युटरमधली जागा संपली. नवं मोठं यंत्र घ्यायचं म्हणतात. त्याला थंड खोली लागते. बायकांच्या विसाव्याची खोली द्यावी लागेल. एकदा बघतेस का?"

ती खोली म्हणजे लेकुरवाळ्या बायका लेकरांना पाजायला बसतात ती. आणि वैजयंतीचं कामच हे. संस्थांत जायचं, कुठलं यंत्र उगाच वीज जाळतंय, काय विनाकारण साठवलंय, ते शोधायचं. गेली. प्रश्न साधेच विचारले.

"आण्णा, यात आहे काय?"

"कॅमेऱ्याचं सगळं. बसवला तेव्हापासूनचं. काही पुसलेलं नाही," रामराव अभिमानानं म्हणाले.

"मागचं कोण बघतं?"

"बघत कुणी नाही. पण आहे ना!"

तिनं मधलंच एक चित्रण उघडलं. पडद्यावर लाकडी दार. पुढं सरकवलं. दारच. आणखी पुढं. तेच दार, तीच कडी.

"हे काय?"

नारूमामा गुरव वाकून बघत म्हणाले, "शेजारतीनंतरचं आहे ते. देव निजलेला."

"आणि कॅमेरा?"

"तो जागाच. निजवायचा कसा, ते कुणाला ठाऊक आहे?"

बघा मंडळी. देवाला पलंग दिला, पांघरूण घातलं, दार लावून घेतलं. आणि रात्रभर काय साठवलं? दार! त्या दारासाठी वीज, त्या दारासाठी गारवा, आणि आता त्याच दारासाठी लेकुरवाळ्यांची खोली.

वैजयंतीला हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा. मग कुतूहलच जागं झालं तिचं. नगारखान्यात जुने संगणक धूळ खात पडलेले. "बिघडले?" "नाही गं, मंद झाले." उघडून साफ केले, एकदोन भाग बदलले, चालू लागले. मग देवस्थानच्या लोकांना बसवून तिनं नियम ठरवून घेतला. देव निजला की कॅमेराही निजेल. उत्सवाचं ठेवायचं, रोजचं महिन्यानं पुसायचं. नवं घेण्याआधी जुनं दुरुस्त होतं का, ते पाहायचं. आणि दर यात्रेआधी सगळ्याला पुन्हा विचारायचं — तुझा उपयोग कुणाला?

"मग खोली?" रामरावांनी विचारलं.

"बायकांचीच राहू दे."

ती पुसायला बसली, तोच नारूमामा म्हणाले, "आक्काचं बघून झालं ना? मग पूस."

"आईचं काय?"

"अगं, रोज दुपारी यायची. कॅमेऱ्याकडं तोंड आणि देवाकडं पाठ! मी चिडवायचो, आक्का, देव तिकडं आहे. तर म्हणायची, तो बघतोच आहे. आत्ता वैजू बघत असेल."

वैजयंतीचा हात थांबला. तिनं तो शेवटचा दिवस उघडला. दुपारची वेळ. आक्का आली. अंगावर दिवाळीची साडी, ट्रंकेतल्या घड्या अजून तशाच. कॅमेऱ्यापुढं उभी राहिली. पदर पसरून काठ दाखवले. एकदा वळून पाठही दाखवली. मग हसली आणि वाट बघत उभी राहिली.

*मग? कसं वाटलं?*

"आक्काचं हे सगळं राहू दे बाजूला, पुसू नको," नारूमामा म्हणाले. "याचा उपयोग काय, असं कोण विचारतंय?"

"मी विचारतेय, मामा."

ती गावात राहिली. आईची एकेक दुपार उघडून बघितली. बघून झाली, की पुसली. साडीची तेवढी स्वतःच्या फोनवर घेतली.

मंडळी, ऊठसूट पुसा असं मी म्हणत नाही. न बघता पुसलं असतं, तर? पण न बघता ठेवलं होतं, तेव्हा तरी आक्का कुणाला भेटत होती? तुमच्या पतपेढीत, शाळेत, मंडळात, तुमच्या खिशातल्या फोनवर ढीग आहे. घरी जाल तेव्हा त्यातलं एक उघडा. तिथं कुणी उभं असेल, तर आधी त्याला उत्तर द्या.

निघायच्या दिवशी दुपारी वैजयंती देवळात गेली. आईच्याच जागी उभी राहिली.

"वैजू," नारूमामा हळूच म्हणाले, "देव तिकडं आहे."

ती कॅमेऱ्याकडं बघतच राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "आई, मी एकदाही बघितलं नव्हतं. आता बघितलं. साडी फार शोभत होती तुला."