भिंतीवरच्या फोटोतल्या नऊ बायका

सुजातावहिनी, रेवा, आणि कामं टाकून क्वीन्सटाउनला या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत जमलेले तुम्ही सगळे,

जय भीम. नमस्कार.

गायकवाडांना जाऊन आठ दिवस झाले. बोलायला उभी राहिले खरी, पण जीभ रेटत नाही. तरी बोलणार आहे.

मी मीनल. गायकवाड आणि मी एकाच जर्मन मोटार कंपनीच्या सिंगापूरच्या ऑफिसात. ते सुट्या भागांची गुणवत्ता तपासायचे, मी मार्केटिंग बघते.

मघाशी चहा घेताना कुणीतरी हळूच म्हणालं, "माणूस चांगला होता, पण गेल्या वर्षीचं ते प्रकरण काय होतं हो? काही असल्याशिवाय का ऑफिस कुणाचं आत यायचं कार्ड बंद करतं?" मी ऐकलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात तेच आहे, हेही मला माहीत आहे. म्हणून आज मी फक्त त्या प्रकरणाबद्दल बोलणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या शोरूममध्ये कंपनीच्या इतिहासाची भिंत करायची होती. ते काम माझं. जर्मनीहून मजकूर आला, फोटो आले. कंपनी काढणारे दोन भाऊ. धोबीखान्यामागची शेड. एक लेथ. आधी विणकामाची यंत्रं, मग सायकली, मग पहिली मोटार. थोरल्याला स्वतःच्याच मोटारीत बसायची भीती वाटायची म्हणे. धाकटा मोटार चालवायचा आणि हा मागून सायकलवर! गिऱ्हाइकाला आवडेल असा इतिहास. गायकवाड पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकलेले. म्हणून मी सगळं त्यांना तपासायला दिलं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. हातात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला फोटो. कारखान्यात ओळीनं उभ्या नऊ बायका. खाली मी लिहिलं होतं, 'कठीण काळातही एकत्र राहिलेलं आमचं कुटुंब.'

"मीनलताई, या कोण?"

"कामगार."

"छातीवर काय शिवलंय यांच्या?"

"बॅज असेल काहीतरी."

"बॅज नाही हो. पूर्वेकडच्या देशांतून धरून आणलेल्यांना ही पट्टी लावायला लावत. या कुटुंबातल्या नव्हत्या. जबरदस्तीनं राबवलेल्या होत्या."

मी म्हटलं, "बघते." आणि त्या दिवसापासून मला गायकवाडांचा संशय यायला लागला.

यांना हे आत्ताच का सुचलं? बढती नाकारली होती, त्याचा राग काढताहेत का? संशय एकदा मनात शिरला की डोळे त्याचंच ऐकतात. गायकवाड ड्रॉवरला कुलूप लावतात. का? जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून फोनवर जर्मनमध्ये बोलतात. कुणाशी? मी जवळ गेले की कागद पालथा करतात. का? एका दुपारी रॅफल्स प्लेसला एमआरटी मेट्रोच्या दाराशी एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाकडून त्यांनी जाड पाकीट घेतलं. मी पाहिलं. मला वाटलं, हा माणूस कंपनीचं काहीतरी बाहेर विकतोय.

मी बॉसना जाऊन सांगितलं. हो, मीच. वहिनी, हे तुम्हालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं कार्ड बंद झालं. चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. एम्प्लॉयमेंट पासवरच्या माणसाला घरी बसा म्हणजे काय, हे इथं कुणाला समजवायला नको. नोकरी गेली की देश गेला. मी त्यांच्या घरी फोन केला. चौकशी म्हणून नव्हे, कानोसा घ्यायला. रेवानं उचलला. "आंटी, पपा नॉट लाइक दॅट, ला. यू टेल देम, कॅन?" मी म्हटलं, "हो, सांगते." रेवा, मी कुणाला काहीही सांगितलं नाही.

चौकशीच्या दिवशी माझ्यासमोर तो ड्रॉवर उघडला. आत ते पाकीट. पाकिटात नावं. त्या नऊ बायकांची नावं, गावं, वयं. तो गोरा गृहस्थ कारखान्याच्या गावचा निवृत्त शिक्षक; जिन्यातले फोन त्यालाच. लेकीकडे ऑस्ट्रेलियाला जाताना इथं एक दिवस थांबला होता. सात नावं सापडली होती, दोन राहिली होती.

बॉसनी विचारलं, "म्हणजे आपली कंपनी हे लपवत होती?"

"नाही सर," गायकवाड म्हणाले. "जर्मनीहून आलेल्या मजकुरात यावर अख्खा परिच्छेद होता."

"मग आपल्या भिंतीवर तो का नाही?"

गायकवाडांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. "मला माहीत नाही, सर."

तो परिच्छेद मी काढला होता. लोक पोराबाळांना घेऊन शोरूममध्ये येतात, कॉफी पितात, त्यांना हे कशाला? असं म्हणून पुसून टाकला. माझा संशय कुठून आला होता ते आता कळलं ना? मला त्यांची भीती वाटत होती.

त्यांचं कार्ड पुन्हा सुरू झालं. काही दिवसांनी हॉकर सेंटरला जेवायला मी त्यांच्यासमोर बसले. विचारलं, "तो परिच्छेद कुणी काढला, तुम्हाला कुणाचा संशय होता?"

म्हणाले, "होता की. म्हणून तर कागद पालथे करायचो. पण पुसताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. नुसत्या संशयावरून कुणाचं नाव घ्यायचं?"

मग आजीबद्दल बोलले. धरणाच्या कामावर आजीनं माती वाहिली. हजेरीपटावर आजोबांचं नाव, आणि पुढे नुसतं 'व बायको'. म्हणाले, "ताई, तिचं नाव ठकूबाई. मला घरच्यांना विचारून शोधावं लागलं."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. परिच्छेद मी काढला, तक्रार मी केली. दोन वाक्यं. समोरचा निवलेला भात संपवून मी ऑफिसात परतले.

भिंत सुधारली. फोटोखाली सात नावं आहेत आणि दोन जागी 'अजून सापडलं नाही' असं लिहिलंय. तो मजकूर गायकवाडांचा. मी पुढच्या आठवड्यात सांगू, पुढच्या महिन्यात सांगू करत राहिले. गेल्या आठवड्यात ऑफिसला निघालेले गायकवाड बसस्टॉपवर कोसळले, ते उठलेच नाहीत.

तर ज्यांनी मघाशी विचारलं त्यांना सांगते, ते प्रकरण गायकवाडांचं नव्हतं. माझं होतं. त्यांच्या बाजूनं त्यात काहीही नव्हतं. आमचे बॉस दुसऱ्या रांगेत बसलेत, त्यांना मराठी कळत नाही. उद्या सकाळी त्यांच्या केबिनमध्ये हेच सगळं इंग्रजीत सांगणार आहे. मग व्हायचं ते होवो.

वहिनी, हे ऐकून तुम्ही मला जा म्हणालात तर मी जाईन. काही बोलला नाहीत तर शेवटी खुर्च्या आवरायला थांबेन.

आता सगळ्यांनी कृपया उभं राहावं. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नये. मीसुद्धा.