चंद्रभानचा खांदा

आर्वीच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. समोरच्या बाकावर चंद्रभान नावाचा फास्ट बॉलर उजवा खांदा धरून बसला होता. त्याच्या एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला कॅप्टन अण्णाजी. खांदा त्याचा असला, तरी बोलत होते ते हे दोघं.

“वहिनी, रविवारी हिंगणघाटशी मॅच आहे. तोवर याले विहिरीवर पाठवू नका.”

“काऊन? खांदा काय पाण्यानं दुखून राह्यला? मागच्या रविवारी सकाळपासून सांजेपर्यंत यायले बॉल कोणं टाकाले लावले?”

“दुसरा फास्ट बॉलर नाई न आपल्याकडे!”

“मंग माह्याकडे काय दुसरा नवरा आहे, पाणी काढाले?”

“मी काय म्हणतो, अण्णाजी...”

“तू हालू नको, चंद्रभान. खांदा अजून दुखन. बरं वहिनी, पाणी मी काढून देतो. मंग तं झालं?”

“द्या न. हे जितक्या ओव्हर टाकतीन, तितक्या बादल्या. आमची विहीर लय खोल आहे बरं.”

“अवो, वीस ओव्हर टाकते हा!”

“मंग वीस बादल्या.”

अण्णाजींनी स्वतःचाच खांदा चाचपून पाहिला.

“चंद्रभान, लेका, लय दुखते का रे?”

“आठ दिवसांपासून तेच तं सांगून राह्यलो!”

“मंग या रविवारी तू आराम कर. फास्ट बॉलरले जपूनच वापरावं लागते.”

“आन् त्या वीस ओव्हर?”

“त्या मी टाकीन, वहिनी. बॉल बादलीपेक्षा हलका असते.”