बाय माझ्या गळ्यात होती तेव्हा

मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा, आमच्या घरात बाप खलाशी, आजा खलाशी, मग मी पण सोळाव्या वर्षी लाकडाच्या बोटीवर चढलो. साठ सालानंतरची गोष्ट, बोर्निओच्या बंदरात एक माणूस कप्तानाला येऊन भेटला, त्याच्या टोपलीत लाल केसांचं वांदराचं पिल्लू, ओरांगउटान म्हणतात, तिकडच्या बोलीत जंगलातला माणूस. कप्तान बोलला, दुबईच्या अरबाबला भेट देऊ. अरबाब म्हंजे ज्याचं लाकूड आमी आणायचो तो शेठ. टोपली उघडली आणि काय सांगू तुमाला, ती सरळ माझ्या गळ्यात पडली, ती काय सुटेना. मी तिला बाय म्हणायला लागलो.

तिकडचा एक हमाल मला बोलला, यांची आई पोराला सात-आठ वर्षं अंगावर वागवते, रोज संध्याकाळी उंच झाडावर फांद्या मोडून नवीन बिछाना करते, पोराला कुशीत घेते. मी बोललो, मग हिला कशी काय सोडली? तो बोलला, सोडत नाय, आईला गोळी घालावी लागते. बाय माझ्या गळ्यातच होती तेव्हा.

दुबईला अरबाबच्या घरी तिला दिली, तिचं एकेक बोट माझ्या गळ्यातनं सोडवून दिली, मी बोटीवर परत. दोन दिवसांनी निरोप, ती खात नाय, त्या हिंदीला पाठवा, हिंदी म्हंजे हिंदुस्थानातला, मी. असा मी दुबईत राहिलो. लोक ओळखीनं येतात, वशिल्यानं येतात, मी तिच्यामुळं आलो.

अंगणात दोन खजुराची झाडं, बाकी सगळी वाळू. संध्याकाळ झाली की बाय झावळ्या ओढून आणायची, दुमडायची, वरती बसायची, परत उठायची, परत दुमडायची. आईचं बघून जेवढं शिकली होती तेवढं करायची. झावळी टोचायची, बिछाना काय जमायचा नाय. मग हात पसरायची माझ्याकडं.

उन्हाळ्यात ती वाळायला लागली. आमचीच बोट परत आली तेव्हा कप्तान बोलला, बोर्निओला चाललोय, दे, सोडतो तिला. मी अरबाबच्या पाया पडलो. तो वाईट नव्हता हो. बोलला, ईदला पावणे येतात, तिला बघायला येतात, ईद झाली की पाठवू, इन्शाल्ला. बोट खाडीत तीन दिवस उभी होती, हाकेच्या अंतरावर. उचलून नेली असती तर कोण अडवणार होतं? पण नोकरी जाईल, गावी काय तोंड दाखवू, हाच विचार. बोट गेली.

ईदच्या आधीच तिला ताप भरला, छाती घरघरायला लागली. दुपारी माझ्या मांडीवर गेली. गेली तरी बोटं माझ्या सदऱ्यात तशीच. दुसऱ्यांदा सोडवली मी.

मग काय, नोकरी राहिली, लग्न झालं, पोरं इथंच शिकली. आता दुबईशेजारी अजमानला मुलाकडं असतो. नात विचारते, दादा, व्हाय डिडन्ट यू जस्ट टेक हर? मी बोलतो, बेटा, घाबरलो. ती मग जवळ बसून राहते. अल्लानं मला सगळं दिलं, तुमच्या लेकरांना पण सुखात ठेवो. तुमी हे लिहा, खुशाल लिहा, फक्त हा म्हातारा दयाळू होता असं लिहू नका.