लिंबाची खोटी साक्ष

अरे, आमची सायली काय चीज आहे, ऐक. नववीत आहे. आंबटपणाचा थुंकीतल्या एन्झाइमवर काय परिणाम होतो, हा तिचा शाळेच्या प्रदर्शनातला प्रयोग. भाताच्या पेजेत आयोडीन टाकलं की पेज निळी होते. थुंकीने आधीच त्यातला स्टार्च पचवला, तर होत नाही.

तिने पेजेत थुंकी घातली, लिंबू पिळलं, थोड्या वेळाने आयोडीन टाकलं. निळं नाहीच! मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळा: "लिंबाने पचन जोरात होतं, सायलीचा शोध!" ठाकुर्लीच्या आत्याने अंगठ्यांची रांग लावली.

सायली म्हणाली, "पप्पा, थांबा ना. थुंकी न घालता, नुसतं लिंबू पिळून बघू द्या."

तरीही निळं नाही!

"म्हणजे लिंबूच आयोडीनचा रंग खातंय," म्हणाली आणि पुन्हा थुंकी घालून लिंबाऐवजी व्हिनेगर घेतलं. आता पेज निळी झाली. आंबटपणाने एन्झाइम खरंच बंद पडलेलं.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "घरात लिंबू असताना व्हिनेगर कशाला?"

"सर, लिंबू खोटी साक्ष देतं. हवं तर माझ्या पप्पांना विचारा."

भर हॉलमध्ये मी छाती फुगवून हात वर केला, "हो सर, मीच फसलेलो!"